गद्याला वन्समोअर

सोलापुरात लग्नाच्या पंगतीला वाढपी जिलबीची परात घेऊन एकदा पुढे गेला की लवकर परत फिरकत नसे. अशा वेळी पानावर बसलेला माणूस जिलबी मागत नसे, मान वर करून म्हणे, "वन्समोअर." परात परत येई. कुस्तीच्या फडात एखाद्याने नेमका डाव टाकला की कडेला बसलेले लोक हाच शब्द टाकत. शाळेत छडी खाऊन एखादा मुलगा रडला नाही, तर मागच्या रांगेतून तो दबक्या आवाजात येई, आणि ज्याच्याकडून येई त्याला पुढची छडी मिळे.

शब्द इंग्रजी खरा, पण तो इथे साहेबाने आणला नाही. नाटक कंपन्यांच्या पडद्यांबरोबर आणि पेटाऱ्यांबरोबर तो रेल्वेने आला आणि थिएटरच्या पिटातून, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागेतून, गावभर पसरला. ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्यांच्याच तोंडी तो जास्त होता. अक्कलकोटकडचे कानडी लोक घरी 'इन्नोम्मे' म्हणत, तेलुगू विणकर आणखी काही म्हणत. थिएटरात सगळ्यांचा शब्द एक होता.

रंगभूमीवर त्याचा व्यवहार जरा उलटा चाले. प्रेक्षक पद पुन्हा मागतो, पण नाटकवाल्यांच्या भाषेत त्याने वन्समोअर 'दिला'. नट पुन्हा गातो, तरी त्याने तो 'घेतला'. मागणारा दाता आणि देणारा घेणारा. खेळ संपल्यावर मालक विचारी, आज किती 'पडले'? आणखी एक प्रकार होता, त्याला 'उलटा वन्समोअर' म्हणत. नटाची दाढी सुटली, तलवार म्यानातून निघेना, राजा सिंहासनावर बसताना मागे कोसळला, की पिटातून हाच शब्द हशासकट येई. तो घेऊन उभं राहणं नटाला नकोसं होई. म्हणजे शब्द एकच. तो कोण टाकतो, कसा आणि केव्हा, यावर सगळं अवलंबून.

१९२० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सोलापूरच्या पिटात तो कोण टाकतो हे ठरलेलं होतं. कोंडीबा टाकी.

कोंडीबा सांगोल्याकडचा धनगर. मेंढरं दोघा भावांना पुरण्याइतकी नव्हती, म्हणून थोरला कळपाबरोबर राहिला आणि हा सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात लागला. बरोबर त्याने एकच गोष्ट आणली होती, ती म्हणजे आवाज. माळावर पार पलीकडच्या ओढ्यात उतरलेल्या मेंढराला हाळी घालून परत फिरवायचं, तर आवाज नुसता मोठा असून भागत नाही. तो वाऱ्याला कापून जावा लागतो. मागखात्यात माग सुरू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. लोक हातवाऱ्यांनी बोलतात. तिथे जॉबरला, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाला, कोणाला बोलवायचं झालं की तो कोंडीबाला खूण करी. कोंडीबा एकदा हाक मारी आणि तो माणूस खात्याच्या टोकाला असला तरी मान वर करी.

नाटकाला त्याला पहिल्यांदा नेलं ते चनबसप्पाने. चनबसप्पा शेजारच्या मागावर होता, वळसंगचा. घरी कानडी बोले, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत चेष्टा करी. नाटकात नायिका रुसून, गाणं म्हणून, निघून गेली आणि पिटातून कोणीतरी वन्समोअर दिला. नायिका परत आली, पुन्हा तेच गाणं म्हणून, पुन्हा रुसून निघून गेली. कोंडीबाला हे फार पटलं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की तिथे रुसलेल्या बाईलाही परत बोलावता येतं. तानाबाई म्हणाली की असं असेल तर तिथल्या बाया बाया नसतील. त्या खरोखरच नव्हत्या. नायिकेचं काम पुरुषच करत होता. पण तानाबाईने ते काही पाहून सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या खेपेला कोंडीबाने स्वतः आवाज दिला. थिएटरच्या मागच्या भिंतीवर आदळून तो परत आला म्हणतात. पेटीवाल्याने पद जिथून धरायचं तिथून न विचारता धरलं. त्या दिवसापासून पिटाने ते काम त्याच्याकडे सोपवलं.

त्याला गाण्यातलं काही कळत होतं असं कोणी म्हणत नसे, तोही म्हणत नसे. राग, ताल, तान यांची नावं त्याला शेवटपर्यंत आली नाहीत. ऐकलेलं पुन्हा ऐकावंसं वाटलं की द्यायचा, नाही वाटलं की गप्प बसायचं, एवढंच. मात्र पद्धत ठरलेली होती. तो खांबाजवळच बसे. तबल्याची शेवटची थाप पडल्याशिवाय तोंड उघडत नसे. आणि देताना उठून उभा राही, पटका सारखा करी, मग आवाज टाकी. बसल्या जागी, दुसऱ्याच्या पाठीआडून ओरडणाऱ्यांबद्दल त्याचं मत वाईट होतं. असा आवाज बहुधा उलटा असतो, असं तो म्हणे.

कंपनीचे मालक अशा माणसाला फुकट पास देऊ बघत. ज्यांना पास मिळे ते पदोपदी ओरडत, आणि पिट त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसे. कोंडीबाने पास कधी घेतला नाही. "फुकट जेवनारा वाढप्याला नावं ठेवत न्हाय," हे त्याचं कारण. त्यामुळे तो उभा राहिला की बाकीचे त्याच्या मागोमाग आवाज देत, आणि तो बसून राहिला की हौशी ओरडणारेही थोड्या वेळाने आपोआप गप्प होत. गिरणीत त्याला 'वन्समोअर कोंडीबा' म्हणू लागले. घरीही शब्द शिरला. तानाबाईने केलेलं पिठलं आवडलं की तो ताटली पुढे सरकवून हळू आवाजात वन्समोअर देई. तानाबाई पहिल्यांदा लाजली, नंतर तिला सवय झाली, आणि एखाद्या दिवशी दिला नाही तर मीठ कमी पडलं का, असं ती विचारू लागली.

दरवर्षी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास येणाऱ्या कंपन्यांत आबासाहेबांची एक कंपनी होती. तिच्यात नायिकेचं काम करी तो सिद्धनाथ. हा वैरागचा, भावाचं तिथे धान्याचं दुकान होतं. तरुण वयापासून तो नायिका होत आला होता आणि आता चाळिशीला टेकला होता. चेहऱ्यावरच्या रंगाचा थर दरवर्षी थोडा जाड होई, पण गळा तसाच होता. कोंडीबाचे सर्वांत जास्त वन्समोअर सिद्धनाथला पडले. दोघांची ओळख मात्र नव्हती. कोंडीबा रंगपटात कधी गेला नाही आणि सिद्धनाथ पिटात कधी आला नाही. सिद्धनाथला फक्त अंधारातून येणारा आवाज माहीत होता. तो आला की नायिका खांबाच्या दिशेने किंचित मान लववी.

सत्तावीस सालच्या हिवाळ्यात सिद्धनाथ आला तो गळा धरलेला घेऊन. कंपनीतल्या लोकांना ते ठाऊक होतं, पिटाला नव्हतं. पहिल्याच खेळात दुसऱ्या अंकातलं मोठं पद झालं आणि कोंडीबाने उठून वन्समोअर दिला. सिद्धनाथ पुन्हा गायला. या खेपेला आवाजात थोडी खरखर आली, ती पिटाला दुःखाची वाटली आणि अधिकच आवडली. कोंडीबाने पुन्हा दिला. वन्समोअर नाकारण्याची चाल नव्हती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या नटाने हात जोडून पुढचं भाषण सुरू केलं, तर पिटाने त्याला उरलेला अंक बोलू दिला नव्हता. सिद्धनाथ तिसऱ्यांदा गायला. कोंडीबाने तिसऱ्यांदाही दिला, आणि चौथ्या खेपेला वरच्या सुरावर आवाज फुटला. मागावरचं कोरं कापड फाटताना जसा आवाज येतो तसा तो आला, असं कोंडीबा नंतर सांगे. मागवाल्याला तो आवाज ओळखीचा असतो आणि त्यानंतर काय करायचं हेही ठाऊक असतं: काहीच करायचं नाही. सिद्धनाथने तोंड उघडलं, पण काही आलं नाही. पडदा टाकला.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा कंपनीच्या बिऱ्हाडी गेला. बरोबर शेळीचं दूध, त्यात ज्येष्ठमध उकळलेलं. डॉक्टरांनी सिद्धनाथचं बोलणं बंद केलं होतं. तो घोंगडी पांघरून बसला होता. मिश्या नसलेला, टक्कल पडू लागलेला, साधारण दुकानदारासारखा दिसणारा माणूस. कोंडीबाने आपण कोण ते सांगितलं. सिद्धनाथ दूध प्यायला, त्याने भांडं खाली ठेवलं आणि हात जोडले. ते आभाराचे होते की पुरे करण्याचे, हे कोंडीबाला कळलं नाही. परत येताना त्याने चनबसप्पाला विचारलं. चनबसप्पा म्हणाला की नटाचे हात जोडणं कोणालाच कळत नाही. मग त्याने कोंडीबाचा चेहरा पाहिला आणि पुढची चेष्टा गिळली.

तेव्हापासून कोंडीबाने वन्समोअर देणं सोडलं. शपथ वगैरे घेतली नाही. नाटकाला जाई, तिकीट काढी, खांबाजवळ बसे आणि खेळ संपला की घरी येई. पिटाला काय करावं समजेना. चनबसप्पाने एकदा त्याच्या वतीने आवाज दिला, पण तो मध्येच चिरकला, लोक हसले, आणि बिचाऱ्या गायकाला वाटलं की आपल्याला उलटा पडला. बाहेरगावच्या कंपन्यांत बोलणं सुरू झालं की सोलापूर थंड झालं. तानाबाईच्या पिठल्याचाही वन्समोअर बंद झाला. कोंडीबा ताटलीत पडेल तेवढं खाई आणि हात धुई.

पुढच्या हिवाळ्यात आबासाहेबांची कंपनी परत आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबासाहेब स्वतः गिरणीच्या चाळीत कोंडीबाच्या दाराशी आले. जरीकाठी उपरणं, हातात काठी, चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या. तानाबाईने घोंगडं अंथरलं आणि चहा टाकला. आबासाहेब सरळ माणूस होते; आडून बोलले नाहीत. त्यांनी सांगितलं की नायिकेला नवा गायक आणला आहे, त्याला सोलापूरने उचलून धरलं पाहिजे, आणि सोलापूर कोंडीबाचं तोंड बघतं. त्यांनी पासही काढला. कोंडीबाने पास घेतला नाही. सिद्धनाथबुवांचं काय झालं, एवढंच विचारलं.

गळा गेला तो परत आला नाही, आबासाहेब म्हणाले. बोलता येतं, पण घोगरं. जुन्या ओळखीखातर नव्या नाटकात म्हाताऱ्या आईचं काम दिलं आहे. पद एकही नाही, नुसतं गद्य. "कोंडीबा, माझी कंपनी संगीत कंपनी आहे," ते म्हणाले. "खेळ संपला की मी विचारतो, कोणाला किती पडले. ज्याला एकही पडत नाही त्याला मी किती दिवस जेवू घालू? सोलापूरचा मुक्काम संपला की सिद्धनाथला वैरागला सोडणार. भावाच्या दुकानात बसेल. त्याला मी तसं सांगितलंय."

"बुवा काय म्हनले?"

"काही नाही. म्हणाला, दुकानात माप घालायला गळा लागत नाही."

आबासाहेब चहा पिऊन गेले. अडचण स्पष्ट होती. ज्याच्या आवाजाने सिद्धनाथचा गळा गेला असं त्याला वाटत होतं, तोच आवाज आता सिद्धनाथची जागा राखू शकत होता. पण वन्समोअर पदाला असतो, आणि सिद्धनाथला पद नव्हतं. गद्याला वन्समोअर कोणी दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. कोणी दिलाच असता तर तो उलटा धरला गेला असता: म्हातारा झालेला, गळा गेलेला गायक, आणि पिट त्याला म्हणतंय, पुन्हा. कोंडीबाला त्याची भीती वाटत होती. एकदा प्रेमाने दिलेला त्या माणसाला महागात पडला होता.

जेवायला बसल्यावर त्याने हे सगळं तानाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"गान्यालाच द्याचा आसं कुनी सांगितलंया तुमास्नी?"

"पद्धतच हाय तशी."

"आन् माज्या पिठल्याला देत व्हतासा की. ते काय गानं म्हनत व्हतं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "वरीस झालं. पिठल्यात काय बिघाड झाला न्हाय. तुमचंच तोंड गेलंया." मग न विचारता तिने त्याच्या ताटलीत आणखी पिठलं वाढलं.

रविवारी गिरणी बंद, म्हणून दुपारचा खेळ होता. कोंडीबा आणि चनबसप्पा पिटात, खांबाजवळ. तानाबाईही आली होती; ती बायकांच्या जागेत, वर, जाळीमागे. पहिल्यांदाच आली होती. ज्याच्यासाठी एवढा घोर लागलाय तो म्हातारी कशी होतो ते एकदा बघते, असं तिने चाळीत सांगितलं होतं.

नवा नायिकेवाला चांगला होता. त्याच्या पहिल्या पदाला पिट चुळबुळलं आणि खांबाकडे पाहू लागलं. कोंडीबाने विचार केला, उठला, पटका सारखा केला आणि दिला. वर्षभरानंतर आवाज थोडा गंजला होता, पण पोचला. थिएटरभर लोक हसले आणि मागोमाग ओरडले. विंगेत उभ्या असलेल्या आबासाहेबांनी मान डोलावली. एका अर्थी त्यांचं काम झालं होतं. कोंडीबाचं व्हायचं होतं.

तिसऱ्या अंकात तो प्रवेश आला. घराण्याचा तरुण मुलगा लढाईवर गेला आहे आणि हरून परतला आहे. बाप म्हणतो, दार उघडू नका. मुलगा बाहेर उभा राहून दार ठोठावतो. बाप आत निघून जातो. मग म्हातारी आई येते, दार उघडते, त्याच्याकडे पाहते आणि बोलते. नाटककाराने हे भाषण मोजक्या वाक्यांत उरकलं होतं. पुढे लगेच नायिकेचं पद होतं आणि लोक त्याचीच वाट पाहत असत.

सिद्धनाथ काठी टेकत आला. नऊवारीचा पदर डोक्यावर, केस पांढरे, चेहऱ्यावर रंग जवळजवळ नाही. दार उघडलं. लगेच बोलला नाही. गायक समेवर येण्याआधी जेवढा थांबतो तेवढा थांबला. मग त्या फुटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला:

"हरून आलास? बरं. जिंकून आला असतास तर गावाने वाटून घेतला असता. हरलेला तेवढा माझ्या एकटीचा. पाय धू. भाकरी तव्यावर आहे. ओरडायचं ते तुझा बाप उद्या उजाडल्यावर ओरडेल, तेव्हा मीही ओरडेन. आज जेव."

आणि तांब्या पुढे केला. मुलाने पायांवर पाणी ओतलं.

पिट शांत होतं. तशी शांतता पदानंतर असते ती नव्हे. पदानंतर लोक श्वास सोडतात. इथे कोणी काही सोडलं नव्हतं. मागखात्यातले, सूतखात्यातले लोक, बहुतेकांच्या आया दूर गावी. पण कोणी रडत वगैरे नव्हतं. नुसते बसले होते. पलीकडच्या विंगेत नायिका पदासाठी तयार उभी होती, पेटीवाल्याने बोटं सुरांजवळ आणली होती. आणखी क्षणभर गेला असता तर पद सुरू झालं असतं आणि हे बोलणं मागे पडलं असतं.

कोंडीबा उठला. चनबसप्पाने त्याचा सदरा ओढला. "ए, गद्य आहे ते," तो कुजबुजला. कोंडीबाने सदरा सोडवून घेतला, पटका सारखा केला, आणि दिला.

"वन्समोऽऽर."

काही लोक हसले. ते उलट्या वन्समोअरचं हसणं होतं, सवयीने आलेलं, आणि ते सुरू होता होताच त्यांनी मान वळवली. खांबाजवळ कोंडीबा उभा होता. सगळ्यांना दिसेल असा, पटका नीट बांधलेला, आणि तो हसत नव्हता. हसणं थांबलं. पेटीवाल्याने शब्द कानावर पडताच हात सवयीने पट्ट्यांवर टाकले होते; एक सूर वाजला, मग त्याच्या लक्षात आलं की वाजवायला काही नाही, आणि त्याने हात मांडीवर ठेवले.

सिद्धनाथने खांबाच्या दिशेने पाहिलं. आवाज त्याने ओळखला होता. तो कशासाठी आला हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागला. कोंडीबा नंतर सांगे की तेवढा वेळ खाली बसावं असं वाटत होतं. तेवढ्यात वरून, जाळीमागून, एका बाईचा आवाज आला. बायकांच्या जागेतून वन्समोअर देण्याची चाल नव्हती, आणि तिने तो शब्द दिलाही नाही. ती म्हणाली, "म्हन की गं माय पुन्यांदा." मग पिट एकदम उठलं.

सिद्धनाथने मान किंचित लववली. मुलाच्या हातातून तांब्या घेतला, त्याला हाताने बाहेर ढकललं आणि दार लावून तो आत गेला. बाहेर मुलाचं काम करणारा नट गोंधळला. पाय धुऊन झालेले, पुन्हा हरून कसं यायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण दार लागलं होतं, तेव्हा त्याने ठोठावलं. सिद्धनाथ काठी टेकत परत आला, दार उघडलं, थांबला आणि तेच बोलला, तशाच घोगऱ्या आवाजात. फक्त 'आज जेव' या खेपेला त्याने जरा हळू म्हटलं. मुलाने तांब्या उपडा केला तर त्यात पाणी नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्यांदा कोंडीबाने दिला नाही. लोक त्याच्याकडे पाहत होते. तो खाली बसला आणि त्याने हाताने खूण केली, पुरे. मग नायिकेचं पद झालं. ते बऱ्यापैकी झालं.

खेळ संपल्यावर आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टरला विचारलं, कोणाला किती पडले. नायिकेला दोन, विदूषकाला एक, आईला एक, असं त्याने सांगितलं. आबासाहेब म्हणाले की आईला पद कुठे आहे? प्रॉम्प्टर म्हणाला, पद नाही, पण पडला. आबासाहेबांनी ते विंगेतून स्वतः ऐकलं होतं. तरी विचारलं, कारण विचारायची सवय होती. मग ते सिद्धनाथकडे गेले आणि म्हणाले, "वैरागला एवढ्यात जाऊ नकोस. बार्शीला हेच नाटक लावतोय." सिद्धनाथ चेहरा पुसत होता. त्याने बरं म्हटलं आणि पुसत राहिला.

पिटाच्या दाराशी तानाबाईची वाट पाहत कोंडीबा उभा होता. गर्दी ओसरल्यावर डोक्याला रुमाल गुंडाळलेला तो दुकानदारासारखा माणूस बाजूच्या बोळातून आला आणि समोर उभा राहिला.

"कोंडीबा, आज दूध आणलं नाहीस?" आवाज नाटकातल्या आईचाच होता, आता तो त्याचाच झाला होता.

वर्षभर जे सांगायचं होतं ते कोंडीबाने दोन वाक्यांत सांगितलं: गळा आपण घालवला असं वाटत होतं, आणि आज देताना भ्यालो होतो.

"गळा त्या आधीच गेला होता," सिद्धनाथ म्हणाला. "मी कोणाला सांगत नव्हतो. तू नसता दिलास तर आणखी पंधरा दिवस ओढला असता." मग थोडं थांबून, "ती वर कोण होती? माय म्हणाली ती?"

तानाबाई तेवढ्यात येऊन पोचली होती. तिने सिद्धनाथकडे खालून वर पाहिलं. "बाई म्हनून चांगली दिसत व्हतीस," ती म्हणाली, "पर भाकरी तव्यावर सोडून दाराशी एवढं बोलायचं न्हाय. जळती."

सिद्धनाथने ते मनावर घेतलं. बार्शीला त्याने 'भाकरी तव्यावर आहे' ऐवजी 'भाकरी झाली आहे' म्हटलं, आणि पुढे तेच कायम राहिलं. नाटककाराला ते कळलं की नाही, माहीत नाही.

त्या रात्री कोंडीबाने पिठल्याला वन्समोअर दिला. तानाबाई म्हणाली की पिठलं संपलंय.

सोलापुरात शब्दाला एक नवा उपयोग चिकटला. न गाणाऱ्या, न मिरवणाऱ्या, नेहमीच्या गोष्टीची कोणी कदर केली की लोक म्हणू लागले, 'गद्याला वन्समोअर.' जॉबरने झाडूवाल्याला शाबासकी दिली: गद्याला वन्समोअर. सुनेने सासूच्या आमटीची तारीफ केली, तरी तेच. दुसऱ्या गावात हे कोणाला कळत नसे, आणि सोलापूरचे लोक ते समजावून सांगण्याच्या फंदातही पडत नसत.

काही वर्षांनी बोलपट आले आणि त्याच थिएटरात पांढरा पडदा लागला. कोंडीबा एकदा गेला. एक गाणं आवडलं म्हणून सवयीने उठून आवाज दिला. पडद्यावरची बाई थांबली नाही. त्याने थोडी वाट पाहिली आणि बसला. चनबसप्पाने विचारलं, कसं वाटलं. "गानं चांगलं व्हतं," कोंडीबा म्हणाला, "पर वाढपी न्हाय तिकडं." त्याबद्दल त्याची तक्रार अशी नव्हती. जे पाहायचं ते त्याने पोटभर पाहिलं होतं.

आबासाहेबांची कंपनी बंद पडेपर्यंत सिद्धनाथ तिच्यात आई, आजी आणि दाई होत राहिला. दर हिवाळ्यात सोलापूरला ते नाटक लागे, तिसऱ्या अंकात दार वाजे, आणि खांबाजवळून एकच वन्समोअर पडे, कमी नाही, जास्त नाही. तो पडणार हे कंपनीत सगळ्यांनी धरलेलं होतं. पेटीवाला त्या जागी हात मांडीवरच ठेवी. आणि मुलाचं काम करणारा नट सोलापुरात पहिल्या खेपेला तांब्यातलं निम्मंच पाणी पायावर घेई. निम्मं दुसऱ्या खेपेसाठी ठेवी.